चढावर गाडी उचलायला तुम्हाला कोणी शिकवलं? (आणि पहिली गाडी कोणती?)

वाटसरू_सातारकर

गाडी येते की नाही, याचं माझ्याकडे एकच माप आहे. घाटात पुढचा ट्रक थांबलाय, मागे एसटी चिकटून उभी आहे आणि आपल्याला वीतभरही मागे न घसरता गाडी उचलायची आहे. हे शांतपणे जमलं की गाडी आली. मैदानातल्या फेऱ्या, सरळ रस्त्यावर टॉप गिअर, हे सगळं त्याच्या अलीकडचं.

मला हे थोरल्या काकांनी शिकवलं, १९८९ च्या हिवाळ्यात, त्यांच्या प्रीमियर पद्मिनीवर. घरात सगळे तिला फियाटच म्हणत आणि त्यात काही चूक नव्हतं. मूळ साचा इटलीच्या फियाट ११०० चाच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ती 'डिलाइट' नावाने निघत होती, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला, डाव्या हाताशी. खाली दांडा नसल्यामुळे पुढची सीट सलग होती, पुढे तिघं बसत. थंडीत सकाळी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) ओढायचा, इंजिन तापेल तसा तो थोडा थोडा आत सारायचा. हे आमच्या घरातल्या पोरांना गाडी चालवायला येण्याच्या कितीतरी आधी पाठ होतं.

काकांची शिकवणी अशी: सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. कॉलेजमागच्या मैदानात गाडी सुरू, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडत यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा खाली बसतो. तिथे पाय थांबवायचा. ते म्हणायचे, "डोळे मीट आणि आवाज बसला की सांग." क्लचची प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाला, नुकती टेकलेली असते, इंजिनावर पहिला भार आलेला असतो. ती जागा पायाला कळेपर्यंत त्यांनी मला मैदानाबाहेर काढलं नाही.

मग यवतेश्वरचा घाट. साताऱ्याहून कासला जाणारा. वळणाच्या पुढे जरा रुंद जागा बघून गाडी उभी करायला लावली, हँडब्रेक ओढला आणि काका खाली उतरले. मागच्या चाकापासून दोन बोटं अंतर सोडून त्यांनी एक दगड ठेवला. परत डाव्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चाक दगडाला लागता कामा नये." बस, एवढीच परीक्षा. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत, गाडीचं नाक किंचित वर येतं, मागची बाजू दबते, आणि मग हँडब्रेक.

त्यांचा एक नियम कडक होता. चढावर उभं राहायचं ते हँडब्रेकवर. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी तोलून धरणारा माणूस त्यांना सहन होत नसे, कारण ती प्रत्येक वेळी प्लेटच घासली जात असते. जळक्या प्लेटचा वास एकदा ओळखीचा झाला की घाटात कुठल्या गाडीचं काय चाललंय, ते खिडकीतूनच कळतं.

तुमचं सांगा. डाव्या सीटवर कोण होतं, चढ कुठला होता, गाडी कुठली होती?

काळीपिवळी

पद्मिनीचं नाव काढलंत, आता राहवत नाही. माझ्या वडिलांची टॅक्सी होती, मुंबईत. स्वतःची, बॅजवाले. मी त्यांच्याच टॅक्सीवर शिकलो. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट रिकामी असायची. आठवडाभर जिथे गाडी उभी करायला जागा नाही, तिथे रुंद रस्ते, दगडी इमारती, माणूस नाही. चौक चौकोनी, त्यामुळे वळणं शिकायला त्याहून चांगली जागा मुंबईत नव्हती.

चढ मात्र मलबार हिलचा. बाबुलनाथाकडून वर जाताना. आणि इथे माझ्या वडिलांचं तुमच्या काकांशी पटलं नसतं. ते हँडब्रेक वापरायचे गाडी पार्क करताना. सिग्नलला चढावर उभं असलं की उजवा पाय ब्रेकवर, डाव्याने क्लच त्या जागेपर्यंत आणायचा, इंजिनाचा आवाज बसला की उजवा पाय चटकन ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर. दिवसभर सिग्नलमागून सिग्नल करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढत बसणं परवडत नाही, आणि त्यांच्या क्लचप्लेटा इतरांपेक्षा जास्त टिकत. पायाला ती जागा कळली पाहिजे, या मुद्द्यावर दोघांचं एकमत.

टॅक्सीवर शिकताना आणखी एक गोष्ट होती. मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढे. झेंडा वर असला की लोक हात दाखवतात. रविवारी सकाळीही दाखवायचे. वडील प्रत्येकाला खिडकीतून मान काढून सांगायचे, "पोरगा शिकतोय, मागची घ्या." एकाही माणसाच्या चेहऱ्यावर मी वैताग पाहिला नाही. एक पारशी आजोबा तर थांबून बघत उभे राहिले आणि मी वळण घेतल्यावर त्यांनी छत्री उंचावली.

पुढे सीएनजी आला, डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशांचं सामान कायमचं छपरावरच्या कॅरिअरवर गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. वडील तेव्हा हयात होते. त्या आठवड्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली (माझी, आताची) आणि आम्ही मलबार हिलला जाऊन आलो. बोलणं फारसं झालं नाही, पण वर पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, "आता हिच्यात क्लच कुठे लागतो?" मी सांगितलं. त्यांना ते वरच्या बाजूला वाटलं. बरोबर होतं, पुढच्या सर्व्हिसिंगला तपासून घेतला.

आठशेवाला

सुंदर धागा. आमच्या घरातली पहिली गाडी मारुती ८००, १९८७ साली, ठाण्यात. १९८६ ला नवा आकार आला तो. आधीची, म्हणजे १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंगांना दिली गेली ती, जुन्या आकाराची होती.

वडील आधी शेजाऱ्यांच्या अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसवून तयार होते. आठशेत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हिला सांगावं लागत नाही." क्लच हलका, गिअर खाली मध्ये, स्टिअरिंग बोटाने वळतं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि ताकद पुढच्या चाकांना. या शेवटच्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, कारण चढाचा विषय निघाला आहे.

पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडरची मागची चाकं गाडी ढकलत. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना ताकद त्यांच्यावरच वजन येतं, पकड वाढते. आठशेत उलट. भार मागे जातो आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. गणपतीला आम्ही गावी निघायचो तेव्हा आत पाच माणसं, छपरावर बॅगा, मागे डब्यांच्या पिशव्या. पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. भाद्रपदातला पाऊस, वळणावर वाहून आलेली खडी. तिथे थांबून उचलायची वेळ आली की जास्त रेस दिली तर पुढची चाकं जागच्या जागी फिरत. म्हणून वडिलांनी मला शिकवलं ते असं: ओल्या चढावर रेस कमी, क्लच आणखी सावकाश, स्टिअरिंग शक्यतो सरळ. आणि सामान भरतानाच जड वस्तू मागच्या सीटच्या पायाशी, डिकीत अगदी मागे नाही. पोलादपूरला चहा घेताना ते एकदा सगळं सामान बघून घेत.

२०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. आमची त्याच्या कितीतरी आधी विकली होती, पण विकत घेणारे गृहस्थ गावातलेच, त्यामुळे पुढची काही वर्षं गणपतीत ती देवळासमोर उभी दिसायची.

नवशिका

सगळे प्रतिसाद दोनदा वाचतोय. मी सध्या लर्निंगवर आहे. लाल 'एल' लावून बाबांच्या गाडीवर शिकतोय, पुण्यात. आईचं म्हणणं स्कूल लाव, बाबांचं म्हणणं मी आहे ना. इथल्या अनुभवी लोकांचं काय मत?

आरसा_बघा

नवशिका, मी पुण्यातच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, बरीच वर्षं. तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

धाग्यातले काका, वडील सगळे आदरणीय आहेत. पण घरची माणसं गाडी हलवायला शिकवतात, बघायला कमी शिकवतात. माझ्याकडे घरून 'शिकून' आलेली मुलं क्लच उत्तम सोडतात आणि डाव्या आरशात एकदाही बघत नाहीत. दुसरं, आमच्या गाडीत माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. डाव्या सीटवरच्या वडिलांच्या पायाशी काही नसतं, म्हणून ते ओरडतात. त्यांचा दोष नाही, भीती वाटते आणि हातात काही नाही, तर माणूस ओरडणारच. पण आरडाओरड्यात शिकलेला हात पुढे कायम ताठ राहतो.

चढाबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये परीक्षेत काय काय बघायचं त्याची यादी आहे. चढावर थांबून, मागे न घसरता गाडी पुन्हा चालू करणं त्यात स्पष्ट आहे. आणि हँडब्रेकने करा किंवा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरने करा, दोन्ही चालतं असंही आहे. म्हणजे साताऱ्याचे काका आणि मुंबईचे वडील दोघेही पास.

लर्निंगचं लायसन ६ महिने चालतं, पक्क्याच्या परीक्षेला ३० दिवसांनंतर बसता येतं. बहुतेक मुलं तिसाव्या दिवसाकडेच डोळे लावून असतात. माझा आग्रह असतो की सहा महिन्यांतला जास्तीत जास्त काळ वापरा. पाऊस, रात्र आणि घाट, हे तिन्ही शेजारी माहीतगार माणूस बसलेला असतानाच अनुभवून घ्या.

मग बाबा की स्कूल? दोन्ही. आधी स्कूल, मग बाबा. आणि बाबांना सांगा की सूचना वळणाच्या आधी द्या, वळणात नको.

घाटवाट

आरसा_बघा यांच्या शेवटच्या वाक्याला माझे वडील उभे राहून दाद देतील. ते एसटीत चालक होते, चिपळूण आगारात. निवृत्तीनंतर जुनी आठशे घेतली आणि पहिलं काम केलं ते मला शिकवण्याचं. भाऊ आधीच शिकला होता. मला शिकवायला नको असं आजीचं म्हणणं होतं. वडिलांनी आजीला समोर बसवून सांगितलं, "आई, माझ्या गाडीत रोज पन्नास माणसं डोळे मिटून झोपायची. त्यांच्या विश्वासाची विद्या आहे माझ्याकडे. ती घरातल्या एकाच पोराला देऊ?" आजीने पुन्हा तो विषय काढला नाही.

आमचा चढ कुंभार्ली. पोफळी सोडली की सुरू, वर हेळवाकला संपतो. वडील आयुष्यभर त्यावरून गेले. त्यांनी मला तो आधी शेजारी बसवून, मी काहीही न करता, दाखवला. प्रत्येक वळणाला काय दिसतं, काय दिसत नाही, दरड कुठे येते, रस्त्यावर पाणी कुठून येतं. मग मला बसवलं. आणि चढायच्या आधी उतरायला शिकवलं.

हे मला इथे सगळ्यांना सांगायचं आहे. उचल येणं महत्त्वाचं आहेच, पण घाट चढताना चूक झाली तर गाडी बंद पडते, उतरताना चूक झाली तर थांबतच नाही. जो गिअर चढताना लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्यात चढलात तर दुसऱ्यातच उतरा. गाडी इंजिन धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेकचे ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते, पेडल दाबलं तरी गाडी तेवढी थांबत नाही. एसटीत नव्या चालकाला घाट देण्याआधी जुने चालक हेच बघायचे: पोरगा ब्रेकवर उतरतो की गिअरवर.

न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की उतारावर इंजिनाला इंधन बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडी मोकळी सुटते. आणि कोणी इंजिनच बंद करून उतरत असेल तर त्याने लक्षात ठेवावं की ब्रेकला मिळणारा व्हॅक्यूमचा जोर इंजिनातूनच येतो. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होतं.

आणखी एक, जे पुस्तकात आहे पण रस्त्यावर विसरलं जातं. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचं. कारण धाग्याच्या शीर्षकातच आहे. वडील समोरच्याला डिपर देऊन थांबायचे आणि तो वर येऊन गेला की हात दाखवायचे. कुंभार्लीवरचे सगळे ट्रकवाले त्यांना ओळखत.

२०२३ मध्ये एसटीत बाई चालकाच्या सीटवर बसली, त्या दिवशी त्यांनी पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला लावला. अजून आहे.

वाटसरू_सातारकर

घाटवाट, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवतोय. उतरण्याबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता आणि तो भाग खरं तर आधी यायला हवा. काकाही यवतेश्वर उतरताना दुसरा गिअर सोडू देत नसत, पण त्यामागचं ड्रम तापण्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते, त्यामुळे तो नियम तिथे आणखीच गरजेचा.

आठशेवाला, पुढच्या आणि मागच्या चाकांचा फरक फार नेमका मांडलात. कासच्या रस्त्यावर पावसाळ्यात मारुती अडकलेल्या आणि जीप सहज निघून जाताना बघितल्या आहेत, पण असा विचार केला नव्हता.

शेतबांध

आमच्याकडे यवतमाळ भागात गाडी नंतर येते, ट्रॅक्टर आधी. मी ट्रॅक्टरवर शिकलो, गावातली निम्मी पोरं तशीच शिकतात. डाव्या सीटवर कोणीच नसतं, मडगार्डवर मामा बसलेले असत. (हे करू नका आता. मडगार्डवरून माणूस पडला की थेट मोठ्या चाकाखाली जातो. मामांनीच पुढे गावात ती सवय बंद करायला लावली.)

ट्रॅक्टरची विद्या वेगळी. ब्रेकची पेडलं दोन, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. शेतात तास, म्हणजे सरी, संपला की एकच दाबून जागेवर वळवायचा. रस्त्यावर येताना दोन्हींची कडी लावायची, नाहीतर वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर उलटतो. मामा फाटकातून बाहेर पडताना कडीला हात लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत.

आता चढ. आमच्या वावराचा रस्ता पांदणीचा, मधे नाला. नाल्यातून वर काढताना मागे कापसाने भरलेली ट्रॉली. तिथे क्लच झटक्याने सोडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. ट्रॉली मागे ओढते, इंजिन पुढे रेटतं, आणि नाक वर. तालुक्यात या प्रकाराने माणसं गेली आहेत. म्हणून आमच्याकडे उचल म्हणजे प्रतिष्ठेची बाब नाही, जिवाची आहे. मामांचा शब्द: नाल्यात उतरायच्या आधीच गिअर ठरव. चढावर बदलायचा नाही, थांबायचं नाही, आणि थांबावंच लागलं तर आधी ट्रॉलीच्या चाकामागे दगड, मग बाकीचं. सातारकर काकांचा दगड वाचला तेव्हा अंगावर काटा आला.

ट्रॉली मागे घेणं हा वेगळा अभ्यास. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे. जिनिंगच्या (कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात रांगेत उभं राहून मागे घेता आलं की पोरगा कामाचा झाला असं समजतात.

पहिली चारचाकी घरात आली ती इंडिका, डिझेल, सेकंडहँड. १४०५ सीसी. ट्रॅक्टरवरून आलेल्या माणसाला डिझेलचा आवाज ओळखीचा वाटतो, त्यामुळे मामा तिच्यात पहिल्या दिवशीच रुळले. आजीला दवाखान्यात न्यायला जीप शोधत फिरावं लागत नव्हतं, ही त्या गाडीची खरी कमाई. गावातल्या किती बाळंतिणी तिच्यातून गेल्या, त्याचा हिशेब मामींना तोंडपाठ आहे.

उशिरा_का_होईना

सगळ्यांच्या डाव्या सीटवर काका, मामा, वडील. माझ्या डाव्या सीटवर सूनबाई होती.

मी नाशिकची, शाळेतून निवृत्त झाले आणि मग शिकले. हे गेल्यावर गाडी खाली उभी होती आणि मी रिक्षाची वाट बघत फाटकात. एक दिवस सूनबाई किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, "आई, चला." स्कूलही लावलं, आरसा_बघा म्हणतात तसं, पण खरी भीती गेली ती तिच्याबरोबर. ती एकदाही मोठ्याने बोलली नाही. मी थांबले की तीही थांबायची.

आमची गाडी एएमटी, म्हणजे क्लच पेडल नाही, गिअर गाडी आपणच बदलते. २०१४ ला सेलेरिओबरोबर हे आपल्याकडे आलं आणि माझ्यासारख्या कितीजणी रस्त्यावर आल्या. 'ऑटोमॅटिक म्हणजे काय शिकणं' असं म्हणणाऱ्यांना मला चढाबद्दलच सांगायचं आहे. माझा चढ आमच्याच इमारतीचा, तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा. चांगलाच उभा, वर पोहोचेपर्यंत रस्ता दिसत नाही, आणि वर वॉचमन हात करून थांबवतो. एएमटीच्या आत क्लच असतोच, फक्त तो आपल्या पायात नाही. ब्रेक सोडला आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर दिला नाही तर गाडी मागे येते. नव्या गाड्यांना चढावर दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवणारी सोय असते, आमच्या मॉडेलला ती नाही. म्हणून सूनबाईने मला तुमच्या काकांचीच रीत शिकवली. हँडब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हळू, गाडी पुढे ओढ घेते हे सीटला जाणवलं की हँडब्रेक खाली. आणि डावा पाय पूर्ण बाजूला, त्याला काही कामच नाही.

आता मी गंगापूर रोडवरून भाजी आणते, मैत्रिणींना काळाराम मंदिरात नेते. मैत्रिणींपैकी दोघींनी लर्निंग काढलं आहे.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून. भारतीय लायसनवर इथे पहिले १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथलं घ्यावंच लागतं. पुण्यात वर्षानुवर्षं चालवलेली असूनही मी अगदी पहिल्यापासून शिकलो आणि त्याचं समाधान आहे.

लेखी परीक्षा ५० प्रश्नांची, ४३ बरोबर यावे लागतात. त्याच्याबरोबर धोका ओळखण्याची चाचणी: रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि काहीतरी घडू लागतंय हे दिसताच क्लिक करायचं. फुटपाथवरून चेंडू आला की मागून मूल येणार, हे आधी दिसलं पाहिजे. मग रस्त्यावरची परीक्षा, साधारण ४० मिनिटांची. १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, एक गंभीर झाली की संपलं. त्यात चढावरून निघणं असू शकतं, मला आलं. परीक्षकाला गाडी मागे न घसरण्याइतकंच महत्त्व वाटलं ते निघण्याआधी मी उजव्या खांद्यावरून मागे बघितलं याचं.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर इथे फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मी मॅन्युअलवर दिली. वडिलांनी सिंहगडाच्या घाटात शिकवलेला क्लच वाया घालवायचा नव्हता.

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे इथे प्रत्येकजण पाळतो. मला वाटायचं हा इथला नियम. आपल्याही पुस्तकात तो आहे, नंतर वाचला.

नवशिका

स्कूल लावलं! पहिला आठवडा झाला. बाबाही खूश आहेत, कारण आता ते रविवारी 'घाटाचे सर' आहेत. पुढच्या रविवारी कुठे जावं? बाबा खंबाटकी म्हणतायत.

वाटसरू_सातारकर

खंबाटकी आत्ताच नको. महामार्ग आहे, अवजड ट्रक, शिकाऊ माणसाला थांबून सराव करायला जागा नाही. पुण्यातून जुना कात्रज घाट बरा. सकाळी उजाडल्यावर जा. सायकलवाले भरपूर असतात, त्यांना भरपूर अंतर द्या, चढावर सायकल जरा डुलते.

घाटवाट

सहमत. आणि धुकं असेल तर हेडलाइट लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर येतो, पुढचं आणखी कमी दिसतं. उतरताना गिअर विसरू नका.

नवशिका

नोंद केली. शेवटचा प्रश्न, तुम्हाला साधा वाटेल. चढावर हँडब्रेक आधी सोडायचा की क्लच? सर एक सांगतात, बाबा दुसरं.

काळीपिवळी

क्लच आधी. आवाज बसला, गाडीने नाक उचललं, की मगच हँडब्रेक. बाबांना दगड घ्यायला सांगा.